तपासणीचा तक्ता आणि बिनगार्डचा ग्राइंडर

वाचकाचं पत्र

सर, मी एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला तासिका तत्त्वावर शिल्प निदेशक आहे. यंदा सुरक्षेचं काम माझ्याकडे दिलंय. दर तीन महिन्यांनी चार पानी तक्ता भरायचा. मागचा तक्ता समोर ठेवतात आणि 'तसाच भरा' म्हणतात. आमच्या पेडेस्टल ग्राइंडरला (धार लावायचे गोल दगड फिरवणाऱ्या उभ्या मशीनला) एका बाजूचं गार्ड नाही, टूल रेस्ट, म्हणजे दगडासमोर काम टेकवायची पट्टी, ढिली आहे. मागच्या महिन्यात एका मुलाचं बोट त्यात गेलं, नख फाटलं, टाके पडले. दवाखान्यात त्याला 'मोटारसायकलच्या चेनमध्ये अडकलं' असं सांगायला लावलं. मी बोलले तर ज्येष्ठ सर म्हणाले, 'आम्ही याच ग्राइंडरवर शिकलो, आमची बोटं शाबूत आहेत.' पुढच्या महिन्यात वरून तपासणी आहे. खरं लिहिलं तर पुढच्या वर्षी मला बोलावतील का? आणि खोटं लिहायला हात धजत नाही. काय करू?

— एक निदेशिका

उत्तर

मॅडम, तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य ग्राइंडरबद्दलचं नाही, मोटारसायकलच्या चेनचं आहे. गार्ड नसणं ही त्रुटी आहे, ती दुरुस्त होते. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्याच्याच जखमेबद्दल खोटं बोलायला लावलं, तेव्हा त्याला शिकवलं गेलं की मशीनने तुला दुखावलं तर ते लपवायचं. हे पोर उद्या चाकणला नाहीतर वाळूजला पॉवर प्रेसवर उभं राहील. तिथे हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून प्रेस चालवायला सांगितलं तर ते तक्रार करणार नाही, कारण तक्रार करायची नसते हे ते तुमच्या संस्थेतून शिकून गेलेलं असेल. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा.

त्याला बोलवा, शक्य असेल तर आईवडिलांनाही. बोट कसं आहे, वाकतं का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, हे विचारा. मग घडलं ते अपघात नोंदवहीत लिहा. वही नसेल तर साध्या वहीत लिहा. घटनेची तारीख घटनेची आणि लिहिल्याची तारीख आजची. मागची तारीख घालून लिहू नका, तेही खोटंच ठरतं. त्याच्या कागदांवर चुकीचं कारण पडलं असेल तर पालकांना सांगा की डॉक्टरांना खरं कारण कळवा. बोट पुढे अधू राहिलं आणि कधी काही मागायची वेळ आली, तर मोटारसायकलची चेन त्या मुलाच्या आड येईल.

आता ग्राइंडर. तो उद्या सकाळी पहिल्या तासाआधी बंद करा. 'वापरू नये' अशी चिठ्ठी पुरत नाही. चिठ्ठी दुपारी गळून पडते आणि संध्याकाळी कुणीतरी छिन्नीला धार लावतं. मेन स्विच ऑफ, फ्यूज काढून स्टोअरमध्ये जमा, आणि स्विचच्या दांड्याला भोक असेल तर तिथे कुलूप. किल्ली तुमच्याकडे. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या सरांना सोबत घ्या, हे त्यांचं काम आहे आणि दोन माणसं असली की ते एकट्या मॅडमचं खूळ राहत नाही.

हा ग्राइंडर का बंद करायचा, ते मुलांना समजावून सांगण्याइतकं सोपं आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. दगड आणि टूल रेस्ट यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. दगड झिजतो तशी फट वाढते, म्हणून रेस्ट पुढे सरकवावी लागते. रेस्ट ढिली असली तर ती कामाच्या वेळीच खाली बसते, जॉब, म्हणजे हातातलं काम, फटीत ओढला जातो आणि जॉबमागे बोट जातं. तुमच्या मुलाचं नेमकं हेच झालं असणार. आणि जॉब अडकला की दगडाला झटका बसतो. मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेणारा दगड फुटला तर त्याचे तुकडे अडवायला फक्त गार्ड असतं. म्हणूनच ते शीट मेटलच्या पोरांकडून पातळ पत्र्याचं वाकवून घेऊ नका. बेल्टवरची जाळी किंवा कपलिंगवरचं झाकण जरूर त्यांच्याकडून जॉब म्हणून करून घ्या, छान शिकतील. दगडाचं गार्ड मात्र त्या मशीनच्या कंपनीचं किंवा तेवढ्याच जाडीच्या पोलादाचंच हवं. नवा दगड बसवण्याआधी तो टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवायचा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. दगडावर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत ना, हेही बघायचं. बसवल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहून तो मोकळा फिरवायचा. ही सगळी तपासणी दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पाठ असली पाहिजे, कारण बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ती त्याला कुणीही शिकवणार नाही.

मशीन बंद केलंत की त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र द्या. तक्रारीचा सूर नको, कुणाचं नाव नको, 'निष्काळजीपणा' हा शब्द तर नकोच. आपल्या कार्यालयांना जी भाषा कळते तीच वापरा. साधारण असं:

'विषय: फिटर शॉपमधील पेडेस्टल ग्राइंडर तात्पुरता बंद ठेवण्याबाबत. महोदय, उपरोक्त यंत्राच्या एका बाजूस व्हील गार्ड नाही. टूल रेस्ट घट्ट बसत नसून व्हील व रेस्टमधील अंतर ३ मिमीपेक्षा अधिक आहे. या यंत्रावर प्रशिक्षणार्थ्याच्या बोटास इजा झाली आहे. पुन्हा इजा होण्याची व व्हील फुटण्याची शक्यता असल्याने आज दि. … रोजी विद्युत पुरवठा खंडित करून यंत्र बंद ठेवले आहे. सबब, गार्ड व रेस्ट बसवून मिळावी व तोपर्यंत प्रात्यक्षिकासाठी टर्नर शॉपमधील ग्राइंडर वापरण्याची परवानगी असावी, ही विनंती.'

दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. या पत्रात तुम्ही अडचण सांगितली, उपाय केला, पर्यायही दिला. प्राचार्यांच्या हाती नुसती कटकट न पडता सहीसाठी तयार कागद पडतो. बहुतेक प्राचार्य अशा कागदावर सही करतात. त्यांनाही अपघात नको असतो. संस्था व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडायला त्यांना असा कागद लागतोच.

ज्येष्ठ सरांशी भांडू नका. ते खरं बोलताहेत, त्यांची बोटं शाबूत आहेत. पण त्यांच्या बॅचमधल्या ज्याचं बोट गेलं तो निदेशक झाला नाही, तो स्टाफरूममध्ये चहा प्यायला बसलेला नाही, म्हणून त्याची गोष्ट तिथे ऐकू येत नाही. सरांना वेगळा प्रश्न विचारा: 'सर, तुम्ही थोडक्यात वाचलात असं कधी झालं?' लेथवर आयुष्य काढलेल्या प्रत्येक माणसाकडे याचं उत्तर असतं. चकमध्ये, म्हणजे लेथवर जॉब पकडून फिरणाऱ्या भागात, चावी राहिली आणि मशीन सुरू केलं, चावी कानाजवळून गेली. ड्रिलवर जॉब हातात धरला, तो फिरला आणि मनगटाला लागला. त्यांनाच विनंती करा की सोमवारी पहिल्या तासाला मुलांना हे सांगा. ज्या माणसाला तुम्ही विरोधक समजताय, त्याच्यापेक्षा चांगला सुरक्षा शिक्षक तुमच्या संस्थेत नाही.

आता तो चार पानी तक्ता. तो टाकून देऊ नका, पण तो टेबलावर बसून भरू नका. तपासणी करायची ती बॅच काम करत असताना. रिकामं, झाडलेलं शॉप, म्हणजे वर्कशॉप, नेहमीच सुरक्षित दिसतं. सुट्टीनंतरच्या सोमवारी जा, जेवणानंतरच्या तासाला जा, आणि शेवटच्या अर्ध्या तासात नक्की जा, जेव्हा मुलं घाईघाईने मशीन पुसत असतात आणि एखाद्याचं मशीन पुसतानाही फिरत असतं. तुमच्या तक्त्यात 'मशीन स्वच्छ आहे का' असा रकाना असेल. मशीन स्वच्छ कसं केलं जातं, हा रकाना बहुधा नसेल. तो तुम्ही हाताने वाढवा.

कुठल्याही छापील तक्त्यात सहसा न सापडणारी आणि आपल्याकडे फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाइट जाणं-येणं. तालुक्याच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. लाइट जाते, लेथ थांबतो, पोरगं बटन बंद न करता जॉब बघायला चकमध्ये हात घालतं. लाइट येते. नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की स्विच सोडवणारी कॉइल) असलेला चांगला स्टार्टर असेल तर मशीन आपोआप सुरू होत नाही, पुन्हा हिरवं बटन दाबावं लागतं. पण जुन्या लेथवर नुसता हाताने फिरवायचा ड्रम स्विच असतो किंवा कॉइल जळाल्यावर कुणीतरी थेट जोडणी करून दिलेली असते. मग चक त्या हातासकट फिरतं. ही चाचणी प्रत्येक मशीनवर घ्या. जॉब काढा, चावी काढा, सगळ्यांना लांब उभं करा, मशीन मोकळं चालू करा, मग मेन बंद करा. थांबलं की मेन पुन्हा चालू करा. मशीन स्वतःहून फिरायला लागलं तर ते ग्राइंडरच्याच रांगेत, कुलपाआड. लागणारा खर्च एका स्टार्टरचा आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या तक्त्यात या चाचणीइतकं मोलाचं काही नसेल.

वेल्डिंग शॉप तुमचं नाही, पण सुरक्षा तुमच्याकडे आहे म्हणून तिथेही जा. काळं सिलिंडर ऑक्सिजनचं, मरून रंगाचं ॲसिटिलीनचं. दोन्ही उभी आणि साखळीने बांधलेली हवीत. ॲसिटिलीनचं आडवं पडलेलं दिसलं तर ते लगेच वापरू देऊ नका, आतलं ॲसिटोन बाहेर येतं. होजला, म्हणजे गॅसच्या नळीला, क्लिपऐवजी बाइंडिंग वायर गुंडाळलेली दिसेल, ती काढायला लावा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात किंवा ग्रीस लागू नये. आणि एक सवय खास शोधा: उन्हाळ्यात मुलं ऑक्सिजनच्या नळीने अंगावरची धूळ उडवतात, गार वाटतं म्हणून. कपड्यात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी पुरते. हे तपासणीच्या दिवशी दिसणार नाही, मुलांशी गप्पा मारल्यावरच कळेल. तसंच आर्क लागण्याचं, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत उजेडाने डोळे दुखावण्याचं. वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात काच असते, त्रास शेजारी उभं राहून बघणाऱ्याला होतो, आणि डोळे दुखतात ते कित्येक तासांनी, रात्री घरी. सकाळी ते पोर गैरहजर असतं आणि हजेरीपटावर फक्त एक फुली पडते. दोन बूथमध्ये पडदे आहेत का बघा. वेल्डिंगच्या हजेरीपटावरच्या फुल्याही एकदा बघा.

साधनांबद्दल एक सावधगिरी. तपासणी जवळ आली की संस्था घाईने हातमोजे आणि गॉगल घेते आणि सगळ्यांना घालून फोटो काढते. गॉगल ठीक, ते हवेतच. पण लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचं टोक फिरत्या भागात गेलं तर ते संपूर्ण हात ओढून नेतं. म्हणजे चुकीच्या जागी वापरलेलं साधनच धोका बनतं. मुळात अंगावरची साधनं ही शेवटची फळी. आधी धोका काढून टाकता येतो का बघायचं, नाही तर कमी धोक्याची पद्धत, मग गार्ड, मग नियम आणि देखरेख, आणि तरी जे उरेल त्यासाठी गॉगल, बूट. खरेदीच्या यादीत हा क्रम उलटा होतो, कारण गॉगल स्वस्त असतात आणि फोटोत दिसतात.

आणि राखी. आयटीआयचं नवं सत्र साधारण ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतं, त्याच दिवसांत रक्षाबंधन. पहिल्यांदा मशीनसमोर उभ्या राहिलेल्या पोरांच्या मनगटावर राख्या, कडी, दर्ग्याचे नाहीतर देवळातले धागे. मुलींच्या गळ्यात ओढणी. 'काढून टाक' म्हणू नका, त्यात बहिणीचा आणि देवाचा अपमान वाटतो. शॉपच्या दारात एक स्वच्छ डबा ठेवा, प्रत्येकाला नावाचं पाकीट द्या, आत जाताना धागा पाकिटात, बाहेर येताना मनगटावर. सुटत नसेल तर त्या दिवशी बेंचवर कानस चालवा, फिरत्या मशीनवर नको. ओढणी आणि वेणी डांगरीच्या आत. हे तुम्ही बाई असल्यामुळे मुलींना जास्त मोकळेपणाने सांगू शकाल.

सापडलेलं सगळं एका वहीत लिहा. मोठमोठे जोखीम-तक्ते कारखान्यांना लागतात. तुम्हाला तीन शब्द पुरे: आज, आठवड्यात, महिन्यात. गार्ड नसलेलं मशीन 'आज'. गळकं छप्पर पॅनेलवर ठिबकत असेल तर पावसाळ्यात तेही 'आज'. फिकट झालेली पिवळी पट्टी 'महिन्यात'. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. 'संस्थेने करावे' असं लिहिलेलं काम होत नाही. आणि पुढच्या फेरीला आधी मागच्या ओळी वाचायच्या, नवं शोधायचं ते नंतर.

या फेरीला दर वेळी दोन मुलं सोबत घ्या, आळीपाळीने. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. कुठल्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, कुठला व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) सटकतो, सगळं. अट एकच: सांगणाऱ्याला शिक्षा नाही आणि 'थोडक्यात वाचलो' असं लिहिणाऱ्याचं नाव वहीत येणार नाही. मुलं जखमा लपवतात, कारण मशीनवरून काढतील आणि घरी कळेल ही भीती असते. ती भीती गेली की तुमच्या वहीत पहिल्या महिन्यातच इतक्या नोंदी येतील की कुणीतरी म्हणेल, मॅडम आल्यापासून अपघात वाढले. घाबरू नका. ते आधीही होत होते.

शेवटी तुमच्या नोकरीचं. पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावतीलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसावर सुरक्षेची जबाबदारी टाकणं मला मुळातच पटत नाही. ज्याच्या हातात निधी नाही आणि पुढचं वर्षही नाही, त्याच्या सहीवर मुलांची बोटं ठेवली जातात. म्हणून आधी लेखी कार्यालयीन आदेश मागा: सुरक्षा प्रभारी म्हणून कामं कोणती, मशीन बंद करण्याचा अधिकार आहे का, गटनिदेशकांची आणि भांडारपालांची सही तक्त्यावर असेल का. एकट्याने सही करू नका. आणि हे लक्षात घ्या की खरं लिहिण्यातला धोका तुम्हाला दिसतोय, खोट्या सहीतला दिसत नाही. मोठा अपघात झाला की पोलीस किंवा चौकशी समिती पहिला कागद मागते तो हाच तक्ता, आणि 'गार्ड: आहे' यापुढे सही तुमची असते. त्या दिवशी 'तसाच भरा' म्हणणारं कुणी पुढे येत नाही.

कायद्याचं विचाराल तर, आयटीआयतला विद्यार्थी कायद्याच्या भाषेत कामगार नसतो, त्यामुळे कारखान्याची कलमं शॉपला जशीच्या तशी लावता येत नाहीत. पण तोच मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात गेला की १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १४ त्याला सुरक्षेच्या बाबतीत कामगारासारखंच संरक्षण देतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात, जो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण माहिती, आणि त्याबरोबर पुरेसं प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख, असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर लावायला मनाई होती. गेटबाहेर जे चालत नाही ते गेटच्या आत, चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळणाऱ्या मुलांसाठी, कसं चालेल? एवढाच प्रश्न बैठकीत नम्रपणे विचारा.

पुढच्या महिन्यातल्या तपासणीच्या दिवशी ही वही अधिकाऱ्यांसमोर ठेवा, अपुऱ्या ओळींसकट. बंद ग्राइंडर झाकून ठेवू नका, कुलूप दिसू द्या. 'निधीअभावी प्रलंबित' असं जिथे लिहिलंय, त्या ओळी त्यांच्या अहवालात घ्यायची विनंती करा. वरच्या कार्यालयाच्या अहवालात आलेल्या त्रुटीला पैसे मंजूर होणं संस्थेच्या साध्या मागणीपेक्षा सोपं जातं, आणि हे तुमच्या प्राचार्यांनाही चांगलं ठाऊक असेल. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांच्याशी यावर दहा मिनिटं बोलून घ्या.